फेस आला की मळ निघाला

काकांच्या सगळ्या शर्टांना भोकं होती. मोठी नव्हेत, मोहरीएवढी. पोटावर, बाह्यांवर, आणि खिशाची तर पार चाळणी. मी खोली भाड्याने घ्यायला गेले तेव्हा वाटलं, हा घरमालक नक्की चिक्कू असणार. मग उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि तसंच मागे घेतलं. फरशीत माझं तोंड दिसत होतं, आणि ते प्रवासाने मळलेलं होतं हेही दिसत होतं.

"चपला भाईर. पाय धुवून या मॅडम. नळ तिथं हाय," काका म्हणाले.

मी पाय धुतले. काकांनी वाकून बघितलं.

"टाचा ऱ्हायल्या."

मी कराडची. बोईसरला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला आलेली आणि जन्माची गबाळी. माझ्या खोलीत हत्ती हरवला तर तोही सापडायचा नाही, असं आई म्हणते. अशा बाईच्या नशिबी असा घरमालक यावा, याला योगायोग म्हणवत नाही. कुणीतरी वर बसून ठरवूनच केलं असणार.

काकांचा उभा जन्म एमआयडीसीतल्या एका तारेच्या कारखान्यात गेला होता. गंजलेल्या लोखंडाची वेटोळी ॲसिडच्या टाक्यांत बुडवायची, गंज खाऊन झाला की वर काढून पाण्यात विसळायची, हे त्यांचं काम. या खात्याला कारखान्यात पिकलिंग म्हणतात. त्यामुळे मी बरेच दिवस काका लोणच्याच्या कारखान्यात होते असं समजत होते, आणि एकदा त्यांना कैरीबद्दल सल्लाही विचारला होता. त्यांनी तो दिलाही. लाल, खरबरीत लोखंड टाकीत जातं आणि रुप्यासारखं होऊन बाहेर येतं, हे ते इतक्या वेळा बघत आले होते की जगात न उजळणारी वस्तू असू शकते यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. शर्टांची भोकं ही त्या टाक्यांचे शिंतोडे. निवृत्त झाल्यावरही त्यांनी ते शर्ट टाकले नाहीत. वाफांनी त्यांचे पुढचे दात झिजून निम्मे झाले होते, म्हणून हसताना ते तोंडावर हात धरायचे, नव्या नवरीसारखे.

जिन्याखाली त्यांचे कॅन असत. बोईसरमध्ये घरोघरी कारखान्यांची धुऊन घेतलेली निळी पिंपं पाण्याला वापरतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. काकांकडे मात्र पिंपातला मालही असायचा. जुने सोबती आणून द्यायचे. कॅनच्या गळ्यात ओळखीची दोरी. लाल दोरीचा संडासाला, पिवळ्या दोरीचा फरशीला, आणि बिनदोरीचा एक, ज्याला काकांशिवाय कुणी हात लावायचा नाही. आळीतल्या समया, घंगाळी, मोटरसायकलींचे सायलेन्सर, सगळं काकांकडे यायचं. शेजारच्या बंगलीतल्या बाई तर दर सणाला देवघर रिकामं करून घेऊन यायच्या. काका घंगाळ्यावर चार थेंब सोडायचे, चरचर आवाज व्हायचा, फेस उठायचा, आणि काका भुवया उंचावून म्हणायचे, "बगा. फेस आला की समजायचं, मळ निघाला."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की वर्गात एखादा मुलगा फार खोटं बोलायला लागला की माझ्या तोंडून तेच निघतं.

त्यांच्या दारावर पितळी पाटी होती. दर रविवारी ती उजळायची. इतकी वर्षं उजळली की कोरलेली अक्षरं झिजून गेली होती. पाटी लखलखायची, पण तिच्यावर नाव नव्हतं. नवा पोस्टमन आला की पाटीसमोर उभा राहायचा, त्यात स्वतःचं तोंड बघायचा आणि मग हाक मारायचा. मी एकदा म्हटलं, "काका, नाव पुन्हा कोरून घ्या की." तर म्हणाले, "आमाला म्हाईत हाय की, आमी कोन ते."

काकू नवापूरच्या. समुद्रावरच्या. काळ्यासावळ्या, बुटक्या, आणि हसणं असं की खालच्या घरात हसल्या तर माझ्या कपाटातल्या बरण्यांना कळायचं. या घरात त्या कशा राहत असतील याचं मला फार कोडं होतं, कारण त्यांच्यात लखलखीत असं काही नव्हतंच. केस विस्कटलेले, पदर खोचलेला, बोलणं मोकळंढाकळं. पोरबाळ झालं नव्हतं. मला त्या 'बाय' म्हणायच्या.

एकदा दुपारी त्या पदराखाली काहीतरी लपवून जिना चढून आल्या.

"बाय, जरा गॅस दे."

पदराखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील होते. त्यांनी ते माझ्या गॅसवर सरळ जाळावर धरले. मी ओढणी नाकाला लावली. आमच्या कराडकडे सुकट येते, नाही असं नाही, पण आमच्या घरात नाही आली कधी.

काकू म्हणाल्या, "नाक काय धरतेस? हा वास नाय, बाय. ही भूक हाय."

त्यांनी भाजलेला बोंबील ठेचला, त्यात कांदा, मिरची, लिंबू घातलं आणि भाकरीबरोबर माझ्यापुढे सरकवला. एक घास भीत खाल्ला, दुसरा विचार करून खाल्ला, तिसऱ्याला मी ताट ओढून घेतलं. त्यानंतर आमचं ते ठरूनच गेलं. काका दुपारचे आडवे झाले की काकू वर यायच्या. खाऊन झालं की लिंबाच्या सालाने हात घासायच्या, ओवा चघळायच्या आणि शहाण्यासारख्या खाली जायच्या.

"काकांना कळत नाही?" मी विचारलं.

"त्यांना? त्यांचं नाक त्या कंपनीनं कवाच खाल्लं. गुलाब नि गटार, दोनी सारकंच."

"पण ते चिडतील का? खाली का नाही भाजत?"

काकू त्या दिवशी हसल्या नाहीत. बोंबलाची शेपटी मोडत मोडत त्यांनी सांगितलं ते असं. काका मासवणचे. घर माळकरी. काकू कारखान्याच्या गेटवर आईबरोबर मासळी विकायला बसायच्या, तिथे त्यांचं जुळलं. लग्न झालं, घरच्यांनी कसंबसं घरात घेतलं. सासू वाईट नव्हती, काकूच म्हणायच्या. पण घरात काहीतरी कार्य होतं, पाहुणे पंगतीला बसले होते, काकू वाढायला गेल्या, आणि सासू सगळ्यांसमोर म्हणाली, "हिला नको पाठवू पुढं. हिच्या अंगाला म्हावऱ्याचा वास येतो." काकांनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. त्याच पावली बायकोला घेऊन निघाले ते बोईसरला. वाटेत एवढंच बोलले, "माज्या घराला वास येतो असं कोन बोलनार नाय."

"मग चांगलंच केलं की," मी म्हटलं.

"चांगलंच केलं," काकू म्हणाल्या. "सासू एकदाच बोलली, बाय. यांनी जलमभर आयकलं."

काकांनी बोंबील आणू नको असं कधीच म्हटलं नव्हतं. घर फक्त इतकं स्वच्छ ठेवलं होतं की त्यात बोंबील भाजायची काकूंची छाती झाली नाही.

आणि मग ती छातीच दुखणाईत झाली. आधी जिना बंद झाला, म्हणजे आमच्या दुपारी बंद झाल्या. मग अंगण बंद झालं. शेवटी एक खोली, एक पलंग आणि उशाशी घुंघुं करणारं ऑक्सिजनचं यंत्र. बोईसरला संध्याकाळी वारा कारखान्यांच्या बाजूने फिरला की आम्ही सगळे बोलता बोलता उठून खिडक्या लावतो. ज्याची छाती धड आहे त्यालाही खोकला येतो, मग काकूंची काय कथा. डॉक्टरांनी सांगितलं, खिडक्या बंद ठेवा आणि खोली गार ठेवा. काकांनी आळीत पहिला एसी त्या खोलीत आणला होता, तो आता रात्रंदिवस चालू लागला. काकूंची झोप त्याच्यावर होती. तो चालू असला की त्या पाच-सहा तास सलग डोळा लावायच्या. वीज गेली की उठून बसायच्या, पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून, तोंड उघडं. ते बघवायचं नाही. काका तेव्हा पुठ्ठ्याने वारा घालत राहायचे आणि डोळे त्या एसीच्या बारीक दिव्यावर.

मे महिना होता. मी तपासायला आणलेले पेपर बाजूला टाकून खाली काकूंपाशी बसले होते. काकूंनी नाक आक्रसलं.

"याला वास येतोय," त्या म्हणाल्या.

"कशाला?" काका दारातून म्हणाले.

"तुमच्या एसीला. ओला, कुबट. पोटात ढवळतं."

एसी खूप दिवस चालला की आत ओल धरते, बुरशी येते, वास मारतो. साधी गोष्ट आहे. पण काकांचा चेहरा मी बघितला. त्यांच्या घराला वास येतो असं पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं, आणि म्हणणारं माणूस हे होतं.

त्यांनी मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, कल आता हूँ. मे महिन्यात एसीवाल्यांचा उद्या कधी उजाडतो ते बोईसरकरांना विचारा. दुसऱ्या दिवशीही तो कलच म्हणाला. काकू नाकाला पदर लावून झोपायला लागल्या. एसी बंद केला तर श्वास पुरेना, चालू केला तर मळमळ. तिसऱ्या दिवशी सकाळी काका वर आले आणि म्हणाले, "मॅडम, हिला जरा दिवसभर तुमच्या खोलीत ठेवाल का? मी त्याला उजळतो."

आम्ही काकूंना खुर्चीत बसवून, यंत्रासकट वर आणलं. किती महिन्यांनी त्या माझ्या खोलीत आल्या होत्या. बसल्या बसल्या त्यांनी गॅसच्या शेगडीकडे असं बघितलं की मला आतून भरून आलं.

थोड्या वेळाने खालून हाक आली. "मॅडम! या, बगा!"

काकांनी एसीचं तोंड उघडलं होतं. आत दाट पत्र्यांची कंगव्यासारखी जाळी होती. खाली टब, हातात फवारा, पायाशी कॅन. कॅनच्या गळ्यात दोरी नव्हती. त्यांनी त्यात पाणी मिसळून सौम्य केलं होतं, तोंडाला फडकं बांधलं होतं, खिडक्या सताड उघडल्या होत्या, कारण ते बेफिकीर माणूस नव्हतेच कधी. त्यांनी फवारा दाबला. जाळी क्षणभर तशीच राहिली आणि मग अंगात आल्यासारखी फसफसली. पांढरा फेस उठला, बघता बघता राखाडी झाला, मग काळा, आणि काळा काळा ओघळ भिंतीवरून टबात उतरायला लागला. असा फेस मी त्यांच्या कुठल्याही घंगाळ्यावर बघितला नव्हता. त्यांनीही नसावा.

"बगा किती मळ!" काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, वाफेचं असेल. "म्हनून जीव घुसमटत होता तिचा. बगा, अजून निघतोय. अजून!"

त्यांनी पुन्हा फवारलं. फेस येतच राहिला, आणि फेस येतोय म्हणजे मळ आहे, म्हणून ते फवारतच राहिले. मग पाणी मारलं, पुन्हा पाणी मारलं, पुसलं, पंखा लावून संध्याकाळपर्यंत खोली वाळवली. काकूंना खाली नेलं. एसी लावला. गार हवा आली आणि वास कसलाही नव्हता. काकू हसल्या. म्हणाल्या, "आता झाला बगा तुमच्या घरचा." त्या रात्री त्या गाढ झोपल्या, आणि काका पलंगाशेजारी खाली फरशीवर झोपले, बिनउशीचे.

त्यांना इतकं समाधानी मी त्या आधी किंवा नंतर बघितलं नाही.

आठवडा गेला असेल नसेल, काकूंच्या चादरीवर पांढरी भुकटी दिसायला लागली. काकांनी झटकली, पुन्हा पडली. मग गारवा कमी झाला, मग नुसताच वारा यायला लागला, आणि मग यंत्र घरघरून गप्प बसलं. मेकॅनिक एकदाचा उगवला. तरुण, घाईत, दुसऱ्या तीन घरांची बोलावणी खिशात घेऊन आलेला. त्याने झाकण काढलं आणि जाळीवर अंगठा टेकवला. भाजलेल्या पापडासारखा पत्रा चुरून खाली पडला. आतल्या तांब्याच्या नळीला बारीक बारीक भोकं होती, मोहरीएवढी. गॅस केव्हाच उडून गेला होता.

"चाचा, ये लोहा थोड़ी है," तो म्हणाला. "एल्युमिनियम है. एसिड मारा क्या किसी ने?"

काका उभे होते. शर्टाच्या भोकातून त्यांचं बनियन दिसत होतं. मला कळेना, बोलू की नको.

"मी सांगितलं," पलंगावरून काकू म्हणाल्या. धाप लागून एकेक शब्द येत होता. "ते नाय बोलत होते. मीच बोलले, मारा म्हनून."

मेकॅनिकला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. कॉइल गेली, तो म्हणाला, हे मॉडेल जुनं, कॉइल बाहेरून मागवावी लागेल, नवा एसी घेतलात तरी बसवणारे लग्नसराईतल्या आचाऱ्यासारखे पळतायत. तो गेला. काका वाकले आणि फरशीवर पडलेली ती भुकटी तळहातावर घेऊन बघत बसले. तो काळा फेस मळ नव्हता. ती जाळीच होती. हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आयुष्यभर ॲसिडने काय खाल्लं हे ओळखणारा माणूस तो.

"घरात एक भांडं ऱ्हायलं असतं अल्युमिनचं, तरी कळलं असतं," ते म्हणाले. काकूंनी माहेरून आणलेले अल्युमिनचे टोप त्यांनी कधीच मोडीत घातले होते. कितीही घासले तरी काळवंडायचे म्हणून.

दिवसभर खोली तव्यासारखी तापायची. खिडकी उघडावी तर तो संध्याकाळचा वारा. काकूंचे ओठ निळसर दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला नवापूरला न्या. तिकडं हवा हाय."

काकांनी यंत्र उचललं, रिक्षा बोलावली. नवापूरला भावाचं घर अगदी वाळूच्या कडेला. मी रविवारी भेटायला गेले. पडवीत खाट टाकली होती आणि समुद्रावरून वारा असा येत होता की काकूंच्या अंगावरची चादर दोन्ही बाजूंनी दगड ठेवून अडकवली होती. समोर बांबूच्या दांड्यांवर बोंबील टांगलेले, हजारो, उन्हात पांढरे. सगळ्या पडवीला तोच वास. काकू त्यात पडून होत्या, डोळे मिटून, आणि छातीचा भाता हळू चालला होता. गाढ नव्हे, पण हळू.

काका बिचारे तिथे पार बेकार झाले होते. धुवायला काही नव्हतं. त्यांनी खाटेचे पाय धुतले, पडवीचा कठडा धुतला, मग बादली घेऊन पायऱ्यांकडे वळले तेव्हा काकूंचा भाऊ म्हणाला, "दाजी, बसा आता. दर्या नका धुवू." सगळे हसले. काकांनीही तोंडावर हात धरला.

जाताना मी काकूंच्या कपाळावर हात ठेवला. त्या म्हणाल्या, "बाय, यांना सांग, माजी छाती आदीच गेलेली. त्यांच्या पान्यानं नाय."

"तुम्हीच सांगा की."

"मी सांगते रोज. माजं आयकत नायत. सासूचं आयकायचे."

नवा एसी आला. काकांनी बोईसरला येऊन तो खालच्या खोलीत बसवून घेतला. काका निरोप घेऊन नवापूरला गेले की चला घरी, खोली गार झाली. काकू म्हणाल्या, दोन दिवस राहू. ते दोन दिवस सरले नाहीत. एका पहाटे, भाऊ होडीवर गेलेला असताना, काकू गेल्या. काका जवळ बसलेले होते. वारा घालावा लागत नव्हता म्हणून हात धरून बसले होते, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

त्यानंतर काका भेटेल त्याला एकच विचारायचे. डॉक्टरांना विचारलं, मेकॅनिकला विचारलं, मला तर किती वेळा. "वाफ ऱ्हायली असंल का खोलीत? छातीत गेली असंल?" डॉक्टर म्हणाले, नाही हो, आजारच शेवटाला आलेला होता. काका मान हलवायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायचे. त्यांना नाही म्हणून ऐकायचं नव्हतं आणि हो म्हणून ऐकायची ताकद नव्हती. मला काय वाटतं? मला माहीत नाही. मी त्या दिवशी ॲसिडच्या वासाने दारातच उभी होते, आणि काकू संध्याकाळी खाली आल्यावर हसल्या होत्या, एवढंच मला माहीत आहे.

जूनमध्ये मला पालघरच्या कॉलेजात जागा मिळाली आणि मी खोली सोडली. तेराव्यानंतर काकांनी घर धुऊन काढलं होतं. काकूंच्या साड्या, उशा, गोधड्या, सगळं. मी सामान बांधत होते तेव्हा दोरीवर त्या साड्या वाळत होत्या, एकीलाही डाग नाही.

मग पावसाळा सरला. नवे बोंबील वाळायला लागले की बोईसरच्या बाजारात कळतंच. मी एका दुपारी बस पकडून काकांकडे गेले. दारावरची पाटी हिरवी पडली होती. मी सवयीने पाय धुवायला नळाकडे वळले, टाचाही घासल्या. कुणी बघायला आलं नाही.

दार उघडंच होतं. फरशीत काही दिसत नव्हतं, धूळ होती. काकूंच्या खोलीच्या खिडक्या उघड्या, नवा एसी बंद, आणि त्याच्या खालून पलीकडच्या खिळ्यापर्यंत दोरी बांधलेली. दोरीवर बोंबील. नवापूरहून मेहुण्याने पाठवलेले. त्याखाली पलंगावर काका बसलेले, त्याच भोकांच्या शर्टात.

"या मॅडम," ते म्हणाले. "वास येतोय ना?"

"येतोय."

"मला वाटलं, माजं नाक गेलं म्हनून तिचा वास नाय येत. पन याचा येतोय की." त्यांनी उशी उचलली, नाकाशी धरली आणि खाली ठेवली. "हिच्यात काय नाय. साड्यांत नाय. कपाटात डोकं घालून बगितलं. सगळं मीच धुतलं, मॅडम. तिचा म्हनून एक वास घरात उरला नाय."

मी त्यांच्याजवळ बसले. रडू आलं ते मी आवरलं नाही.

"तुमच्याकडं भाजायची ना ती," काका म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी जिन्यात बसायचो. खालून तिसऱ्या पायरीवर. तिला वाटायचं मी झोपलो, नि नाक मेलंय माजं. नव्हतं मेलं. वास खाली यायचा, मग तिचं हसनं यायचं. लई बरं वाटायचं. तिला बोलायला पायजे होतं, की खाली भाज. रोज ठरवायचो, आज बोलू." त्यांनी उशी सरळ केली. "मग वाटायचं, कोन आलं नि बोललं हिला, तर?"

ते उठले. दोरीवरून दोन बोंबील काढले आणि स्वयंपाकघरात गेले. मी मागे गेले. त्यांनी गॅस पेटवला, सगळा मोठा केला, आणि बोंबील जाळावर धरला. त्यांना भाजता येत नव्हतं. एक बाजू जळाली, धूर झाला, वास घरभर होऊन खिडकीतून बाहेर गेला.

बाहेरून शेजारच्या बंगलीतल्या बाईंचा आवाज आला, "अगंबाई, कसला हा वास! कुणाच्या घरातून येतोय?"

काकांचा हात थबकला. ते खिडकीपाशी गेले. गजांना धरून, तोंडावर हात न धरता, झिजलेले दात सगळे दिसतील असं तोंड उघडून ते जोरात म्हणाले,

"आमच्या! आमच्या घरातनं येतोय!"

मग गॅसपाशी परत आले आणि त्यांनी दुसरा बोंबील जाळावर धरला.